आधी उत्तर दिशा

कदम मॅडमनी डोळे मिटले की बोलणाऱ्याचा जीव भांड्यात पडायचा. नव्या माणसाला हे उलटं वाटतं. आपण पुढं उभं राहून घसा कोरडा करतोय आणि परीक्षक बाई चष्मा काढून मांडीवर ठेवतात, मान मागं टेकवतात, डोळे मिटतात. म्हणजे झोपल्याच की! पण आमच्या पोरांना खूण माहीत होती. पडद्याकडं न बघता, नुसत्या शब्दांवर, सांगितलेली गोष्ट समोर दिसायला लागली की मॅडम डोळे मिटायच्या. ज्याच्यासाठी त्यांनी डोळे मिटले, तो संध्याकाळी कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजायचा.

माधवनगरच्या पुढं आमचं इंजिनीअरिंग कॉलेज आहे. प्रभावती कदम तिथं सिव्हिल विभागात पाणीपुरवठा शिकवायच्या. पण त्यांचं नाव निघायचं ते शेवटच्या वर्षाच्या सेमिनारमुळं. सेमिनार म्हणजे प्रत्येकानं आपला प्रकल्प सगळ्यांसमोर उभं राहून मांडायचा, स्लाइड दाखवायच्या, प्रश्नांना तोंड द्यायचं. बाकीच्या कॉलेजांत हा कार्यक्रम समोसा आणि चहासाठी लक्षात राहतो. आमच्याकडं मात्र दिवाळीच्या सुट्टीपासूनच पोरांचं धाबं दणाणायचं.

मॅडम मूळच्या कोरेगावच्या. ठेंगणी, काटक मूर्ती, नेहमी सुती साडी आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट. साइटवर कधी जावं लागेल सांगता येत नाही, म्हणून बूट. लग्नाकार्यातही तेच बूट. एरवी त्यांचं मराठी अगदी छापील. राग आला की मात्र थेट कोरेगाव. "काय बडबडतुयास रं? तुझं तुला तरी कळतंय का?" असं शेवटच्या बाकावरून आलं की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. हो, बसायच्या शेवटच्याच बाकावर. त्यातही सगळ्यात जास्त खडखडणाऱ्या पंख्याखाली. मी एकदा जागा बदलायला सुचवलं तर म्हणाल्या, "ज्याला सगळ्यात कमी ऐकू येतं, त्याच्या जागी बसल्याशिवाय कळणार कसं, पाटील?"

विभागात आम्ही पाटील तिघं. त्यांनी हाक मारली की तिघंही उठायचो आणि त्या ज्यांच्याकडं बघत नसतील ते दोघं गुपचूप खाली बसायचे.

माझी त्यांची ओळख झाली तीच अंधारात. नव्या प्राध्यापकानं विभागापुढं एक व्याख्यान द्यायचं, अशी प्रथा होती. मी हौसेनं स्लाइड केल्या होत्या. अक्षरं डावीकडून येत होती, उजवीकडून येत होती, एक शीर्षक तर गिरक्या घेत उतरत होतं. मी रंगात आलो आणि पडदा काळा झाला. "लाइट गेली वाटतं," मी म्हणालो.

"गेली नाही. मी घालवली," मागून आवाज आला. मेन स्विच त्या बाकाच्या मागंच होता. "बोला पुढं."

मला पुढं एक वाक्य सुचेना. पुढची स्लाइड कोणती हेच आठवेना, तर बोलणार काय?

"पाटील, मघापासून बोलत कोण होतं? तुम्ही का भिंत?"

सगळे हसले. मीही हसलो, दुसरं करणार काय! पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं, चहा दिला आणि सेमिनारच्या सरावात स्विच पाडायचं काम माझ्याकडं सोपवलं. खोटं कशाला बोलू, ते काम मला फार आवडलं. चांगलं बोलणारा पोरगा अंधारातही बोलत राहायचा. उलट पडदा गेल्यावर पोरांचे हात मोकळे व्हायचे, ती आमच्याकडं बघायला लागायची. मॅडमचं म्हणणं साधं होतं. स्लाइड हा कुबडीसारखा आधार; पाय आपले पाहिजेत. आणि समोरच्याला कळलं नाही, तर तो ढ नाही, आपली तयारी कच्ची आहे. हे दुसरं वाक्य त्या इतक्या वेळा म्हणायच्या की पोरं त्यांच्या माघारी त्यांच्याच आवाजात नक्कल करायची. मला विचाराल तर नक्कल करता करताच ते त्यांच्या अंगात भिनलं.

पण त्यांची खरी तऱ्हा वेगळीच होती. कुणीही बोलायला उभं राहिलं की नमस्कार, प्रस्तावना काही नाही. आधी हात लांब करून उत्तर दिशा दाखवायची. खोलीतली खरीखुरी उत्तर दिशा. विषय पुलाचा असो, धरणाचा असो, नाहीतर नुसत्या सिमेंटचा असो. "आपण कुठं उभे आहोत ते आधी ठरू दे. मग हवं तिकडं न्या मला." सिमेंटवाल्या पोरांना हे छळ वाटायचं. बाहेरचे परीक्षक आले की तेही चकित व्हायचे. पुण्याहून आलेल्या एका परीक्षकांनी तर मॅडमनी डोळे मिटलेले बघून मला हळूच विचारलं, "बाईंची तब्येत बरी नाही का? तुम्ही त्यांना घरी का पाठवत नाही?" त्याच क्षणी बोलणाऱ्या पोराचा एक आकडा चुकला आणि मिटल्या डोळ्यांनीच मॅडम म्हणाल्या, "परत सांग. मघाशी खांब बारीक होता, आता जाड कसा झाला?" परीक्षक दिवसभर ताठ बसून होते.

ती उत्तर दिशा कुठून आली, ते मला कोरेगावात कळलं. मॅडमच्या पुतणीच्या लग्नाला आम्ही विभागातले काहीजण गेलो होतो. त्यांचे वडील, आबा, सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मिशा पांढऱ्या, कणा सरळ. अंगणात ते उकिडवे बसले होते आणि समोर आचारी, मांडववाला आणि बँडवाला उभे होते. आबांनी ओल्या मातीची अख्खी आळी करून ठेवली होती. मातीचा उंचवटा म्हणजे घर, विटेचा तुकडा म्हणजे मांडव, सुतळी म्हणजे रस्ता, काड्यापेटी म्हणजे नवरदेवाची गाडी.

"पहले जमीन, बाद में बात," आबा आचाऱ्याला म्हणाले. "ही उत्तर. तिकडं स्टँड. वारं हिकडनं येतंय, तर तुजी चूल कुठं पायजे?"

आचाऱ्यानं त्या मातीकडं बघितलं. मग खाली बसला, चुलीचा खडा उचलून मांडवाच्या दुसऱ्या अंगाला ठेवला. "हितं, आबा. न्हाईतर समदा धूर पाव्हण्यांच्या डोळ्यात."

"शाब्बास!"

पलटणीत प्रत्येक कामगिरीच्या आधी असाच मातीचा नकाशा करतात, मॅडम मला सांगत होत्या. लिहिता न येणारा जवानही त्याच्याभोवती उभा राहिला की त्याला कळतं आपण कुठं, जायचं कुठं. आबा सुट्टीवर आले की अंगणात पोरांना तसंच शिकवायचे. "मी इंजिनीअर पुस्तकानं झाले नाही, पाटील. ह्या मातीनं झाले," असं त्या म्हणाल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एवढा अभिमान त्यांनी स्वतःच्या पदवीचाही कधी दाखवला नाही.

दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या पोरांना त्या कोयनानगरला न्यायच्या. धरण बघणं हे निमित्त. पाटण मागं पडून रस्ता वळणं घ्यायला लागला की एकेकाला ड्रायव्हरजवळ उभं करायच्या आणि क्लीनरला आपला प्रकल्प सांगायला लावायच्या. एक वळण संपायच्या आत मुद्दा कळला पाहिजे. निम्म्यांना मळमळायचं, निम्म्यांना घाम फुटायचा. क्लीनर मात्र खूश असायचा.

एका वर्षी आम्ही कोयनानगरला टपरीवर चहा घेत होतो आणि जमीन हलली. तिकडं ते नवं नाही, पण आमच्या पोरांना होतं. सगळी बाहेर पळाली. सगळ्यात पुढं कुलकर्णी, ज्याचा सेमिनारच भूकंपावर होता. टपरीच्या मावशींनी एका हातानं पातेलं धरलं, दुसरा पंजा फळीवरच्या बरणीवर ठेवला आणि थरथर थांबल्यावर विचारलं, "साखर कमी कुणाला पायजे हुती?"

"कुलकर्णी," मॅडमनी हाक मारली, "या आता आत. मावशींना सांगा बघू, काय झालं ते."

कुलकर्णी आला. खडकातल्या भेगा, लाटा, रिश्टर, सगळं त्यानं ओळीनं सांगितलं. मावशींनी कौतुकानं ऐकून घेतलं. "लय हुशार हाय लेकरू. पर मला येवढंच सांग, ह्या बरण्या कुठं ठिऊ? दर बारीला येक तरी फुटतीच."

कुलकर्णीनं पहिल्यांदा मान वर करून त्या फळ्यांकडं बघितलं. जड बरण्या खालच्या फळीवर का, समोर पट्टी का ठोकायची, मांडणी भिंतीला का बांधायची, हे तो सांगायला लागला आणि सांगता सांगता त्यानं हातोडीच मागितली. आमची बस तासभर उशिरा सुटली. परतीच्या वाटेवर मॅडम म्हणाल्या, "कुलकर्णीचा सेमिनार आज झाला. कॉलेजात परत नको." आणि खरंच, त्याला त्यांनी पैकीच्या पैकी मार्क दिले. विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला.

हे सगळं मी इतकं सांगितलं, ते मायाप्पाची गोष्ट कळावी म्हणून.

मायाप्पा मेटकरी जतच्या पूर्वेकडच्या मेटकरवाडीचा. घर मेंढपाळांचं. वडील अजून मेंढरं घेऊन फिरत, चुलत्यांनी थोडी शेती धरलेली. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि कॉलेजात आल्यावर तोंडाला कुलूप. पोरगा हुशार. प्रकल्प त्यानं आपल्याच गावाचा घेतला होता. उपसा योजनेचं पाणी गावाजवळच्या तळ्यापर्यंत येऊन थांबलं होतं. तिथून ते पंपानं एका उंच टाकीत चढवायचं आणि टाकीतून आपोआप उतरत घराघरांतल्या नळाला पोचवायचं, अशी योजना मंजूर होती. टाकी गावामागच्या टेकडावर बांधायची असं पाणीपुरवठा खात्याच्या साहेबांनी ठरवलं होतं. पण ग्रामसभेनं दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा नाही झालं, तर टाकी दुसऱ्या गावाला जाणार, असं साहेबांनी स्पष्ट कळवलं होतं. मायाप्पानं मोजमाप घेऊन टेकडाचीच जागा बरोबर आहे हे पक्कं केलं होतं.

सेमिनारच्या दिवशी तो उभा राहिला आणि आम्हाला ओळखूच आला नाही. टाय लावलेला, स्लाइड गुळगुळीत इंग्रजीत. हल्ली मोबाइलला सांगितलं की तोच स्लाइड करून देतो, बोलायचं काय तेही लिहून देतो. मायाप्पा ते घडाघडा म्हणत सुटला. उत्तर दिशाही विसरला. मॅडमनी मधेच थांबवून आठवण करून दिली, तेव्हा गडबडीत त्यानं पडद्यावरच्या नकाशाच्या वरच्या बाजूला बोट केलं. बोट गेलं छताकडं. पोरं खो खो हसली.

मॅडम हसल्या नाहीत. "मायाप्पा, उत्तर दिशा छपरात असती व्हय रं?"

"नकाशात वरच असते, मॅडम."

"नकाशात. आणि मेटकरवाडीत?"

त्याला सांगता आलं नाही. जिथं मेंढरं राखत वाढला, त्या गावातली उत्तर दिशा! त्याची मान खाली गेली ती वर झाली नाही. मॅडमनी त्याच्या नावापुढचे मार्क कोरे ठेवले.

हे साधं प्रकरण नव्हतं. पुण्याच्या एका कंपनीनं त्याला घेतलं होतं, पण एकही विषय राहता कामा नये या अटीवर. सेमिनार राहिला, तर नोकरी गेली आणि वर्षही गेलं. विभागप्रमुखांनी मॅडमना विनवलं. मीही रदबदली करायला गेलो, आणि गेलो तो रागातच.

"पाटील, हा पोरगा हुशार आहे म्हणून थांबवलाय. ठोंब्या असता तर पास करून मोकळी झाले असते," मॅडम म्हणाल्या. "टाकी त्याच्या गावाला पाहिजे. मांडायचं तर तिथं जाऊन मांडावं. मार्क तिथली माणसं देतील."

"आणि त्यांनी परत नाही म्हटलं तर?"

"तर त्याला सांगता आलेलं नाही, आणि मला शिकवता आलेलं नाही. दोघंही नापास."

त्यांनी मेटकरवाडीच्या सरपंचताईंना फोन केला. साहेब तर एका पायावर तयार होते. दोनदा हात पोळलेला माणूस तो. मायाप्पा मात्र माझ्याकडं येऊन बसला. "सर, गावात मला माया म्हणत्यात. शेंबूड पुसत मोठा झालेला बघितलाय समद्यांनी. त्यांच्यापुढं मी काय बोलणार? इंग्रजी बरं पडतं. त्यात लाज वाटत न्हाई, कारण ते माझं नसतंच." मी आपलं काम केलं. रोज दुपारी सरावाला स्विच पाडत राहिलो. तो आधी अडखळला, मग सावरला. गावकऱ्यांचा प्रश्न काय, हे मॅडमनी त्याला विचारून आणायला लावलं होतं. प्रश्न एकच होता: टाकीतलं पाणी घरापर्यंत चढणार कसं? मायाप्पाला वाटलं, पंपाबद्दल शंका आहे. त्यानं पंपावर चांगल्या मराठी स्लाइड केल्या. आम्हालाही वाटलं, झालं, जमलं.

ग्रामसभा शाळेच्या मैदानात होती. मैदानाच्या एका कडेला शाळेची लांब इमारत. तिची मैदानाकडची भिंत दिवसभर सावलीत असते, म्हणून पडदा तिथंच लावला होता. लोक त्या भिंतीकडं तोंड करून बसले होते. बायका एका बाजूला, पटकेवाले म्हातारे पुढं. साहेब खुर्चीत. मॅडमनी आपली खुर्ची उचलून नेहमीप्रमाणं पार मागं नेली होती. मी प्रोजेक्टरपाशी. मायाप्पाचे वडील मेंढरं कुणाच्या तरी हवाली करून आले होते आणि कोपऱ्यात उभे होते. पोराची नोकरी कशावर अडली आहे, हे त्यांना माहीत होतं. ते नुसते हातातली काठी एकसारखी फिरवत होते.

मायाप्पा उठला. टाय नव्हता. "आदी उत्तर दिशा दावतो," असं म्हणून त्यानं हात लांब केला. लोकांच्या डोक्यांवरून, त्यांच्या पाठीमागं, ओढ्याच्या अंगाला.

सगळ्यांनी माना वळवून मागं बघितलं. उत्तरेला ओढाच होता. मग परत पडद्याकडं वळले. पडद्यावर मायाप्पाचा नकाशा, साहेबांनी आधीच्या दोन सभांत भिंतीवर टांगला होता तसाच. निळी रेघ वरच्या कडेला, मध्ये गाव, आणि टाकीचा लाल ठिपका पार तळाशी.

पुढं बसलेले सिदूतात्या गावातले सगळ्यात जुने मेंढपाळ. त्यांनी काठी पडद्याकडं रोखली. "माया, आरं, ही वरची निळी रेघ म्हंजी पायपच न्हवं?"

"न्हाई तात्या, त्यो वढा."

"वढा वर? आन् टाकी खाली?" तात्या मागं वळून ओढ्याकडं बघायला लागले. "आमी तर येवढं दिस समजत हुतो, खालचा ठिपका म्हंजी वढ्यातली टाकी. वढ्यात टाकी बांदायची आन् पानी घरात चढवायचं म्हंतासा, म्हून तर आमी दोनदा उठून ग्येलो!"

सभेत हशा पिकला. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन सभा त्यांनी दाब आणि उतार यांवर भाषणं दिली होती, आणि लोक टाकी ओढ्यात बघत बसले होते. टेकड गावाच्या दक्षिणेला, म्हणून नकाशात खाली. प्रत्यक्षात मात्र ते लोकांच्या नजरेसमोर, शाळेच्या छपरावरून डोकं काढून उभं होतं. भिंतीवर टांगलेल्या कागदानं अख्खं गाव उलटं केलं होतं. ही चूक साहेबांची होती, मायाप्पाची होती, आणि विचाराल तर माझीही होती. तो नकाशा मी कितीदा तरी बघितला होता.

मायाप्पाचा हात अजून उत्तरेकडंच होता. त्यानं पडद्याकडं बघितलं, टेकडाकडं बघितलं. मला वाटलं, पोरगा आता कोसळतोय. पण त्यानं माझ्याकडं बघून सांगितलं, "सर, ते बंद करा."

इतकी वर्षं मी लोकांच्या अंगावर अंधार पाडला, पण मला सांगून पाडायला लावणारा हा पहिलाच.

"आवं, उठा समदी. हिकडं या," मायाप्पा म्हणाला आणि मैदानात मधोमध गुडघ्यावर बसला. दोन्ही हातांनी माती ओढून त्यानं दक्षिणेला टेकड केलं, खऱ्या टेकडाच्या बाजूलाच. उत्तरेला बोटानं ओढ्याची रेघ काढली. मध्ये खडे मांडले. "हे बिरोबाचं देऊळ. ही शाळा. ही तात्यांची वस्ती. ही आक्कांची." लोक भोवती दाटले. ज्यांची घरं राहिली होती त्यांनी आपापले खडे आणून ठेवले. "माजं जरा हिकडं, ल्येका. बाभळीच्या अंगाला." मायाप्पानं टेकडावर एक फुलपात्र ठेवलं, सिदूतात्यांची काठी मागून घेतली आणि तिनं टेकडापासून खड्यांपर्यंत चर ओढला. फुलपात्र भरून कलंडवलं. पाणी टेकडावरून उतरलं, देवळाला वळसा घालून शाळेपर्यंत आलं, आणि मातीत जिरलं.

"आमच्या घरापतुर न्हाई आलं की रं!" शेवटच्या वस्तीवरच्या आक्का ओरडल्या.

"म्हून तर पायप पायजे, आक्का. मातीनं पानी पिलं. पायप पीत न्हाई." तो आता हसत होता, हात मातीनं बरबटलेले. "तळ्यातनं टेकडावर येकदा पंपानं चढवायचं. तितनं पुढं आपलं आपून उतरतंय. लाइट ग्येली तरी नळ वाहतोय." मग आक्कांनी विचारलं, तात्यांनी विचारलं, आजवर कधी सभेत न बोललेल्या बायकांनी विचारलं. एकाही प्रश्नाला तो अडला नाही. जे माहीत नव्हतं, ते साहेबांना विचारून सांगितलं. साहेबही बूट सांभाळत उकिडवे बसले होते.

सिदूतात्यांनी शेवटी एकच अट घातली. "टेकडावर मेंढरं चरत्यात. टाकीखाली जितराबाला पानी प्यायला येक कुंड ठिवायचं."

साहेब म्हणाले, "ठेवू." सरपंचताईंनी हात वर करायला सांगितलं. हातांचं रानच उगवलं. कोपऱ्यात मायाप्पाच्या वडिलांनी काठी काखेत मारून दोन्ही हात वर केले होते.

मी मॅडमकडं धावलो. "मॅडम, चला! मार्क विचारायचे ना लोकांना?"

"जाऊन विचारा तुम्ही," त्या म्हणाल्या. चष्मा डोळ्यांवरच होता.

मी विचारलं. सिदूतात्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "मार्क? आमी कसलं मार्क देनार सायेब! चल रं मायाप्पा, जागा दाव. कुंड कुठं यील ते आत्ताच ठरवू." आणि अख्खी ग्रामसभा मायाप्पाच्या मागं टेकडाकडं निघाली, म्हातारे, बायका, साहेब, सरपंचताई, सगळी. मातीतल्या खड्यांना पाय लागू नये म्हणून जो तो वळसा घालून जात होता.

मॅडमचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. त्या मैदानात शेवटच्या खुर्चीवर एकट्याच बसून राहिल्या. मी प्रोजेक्टर गुंडाळून आलो. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होऊन कोरेगावला गेल्या. त्यानंतर आमचं बोलणं फोनवर पुष्कळ झालं, भेट झाली नाही. पण त्यांची आठवण काढली की मला ती खुर्चीच दिसते. त्या बाईंच्या हाताखाली आपण काम केलं, याचा मला फार अभिमान आहे.

"निघायचं का?" त्या दिवशी मी त्यांना विचारलं.

"थांबा. त्याचं संपू दे."

टेकडावर माणसं मुंगीएवढी दिसत होती. त्यांत एकजण पुढं उभा राहून हात लांब करत होता. आधी ओढ्याकडं, मग गावाकडं. बाकीच्यांच्या माना त्याच्या हाताबरोबर फिरत होत्या. आमच्यापर्यंत एक शब्दही पोचत नव्हता.

मॅडमनी चष्मा काढला, मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.